आडवी चौकट, एक नग

माझी पहिली नोकरी दोन देशांच्या संबंधांशी निगडित होती, असं मी नातवंडांना सांगते तेव्हा ती एकमेकांकडे बघतात. त्यांचा संशय रास्त आहे. माझं पद ट्रेसरचं होतं. मोठ्या ड्राफ्ट्समनने पेन्सिलीने काढलेलं यंत्राचं चित्र पारदर्शक कापडाखाली ठेवायचं आणि शाईने हुबेहूब गिरवायचं, एवढंच माझं काम. ते कापड खळ लावलेलं, निळसर झाक असलेलं असायचं. चुकलेला तुकडा घरी नेऊन कोमट पाण्यात खळ धुऊन काढली की आतून अशी मऊ मलमल निघायची की माझ्या काकूने त्याचे सहा रुमाल आणि शेजारच्या बाळंतिणीला दोन झबली शिवली होती. काकू मला विचारायची, "आज काही चुकलं का गं?" आणि मी नाही म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा.

मी मूळची बार्शीकडची. ड्रॉइंगच्या दोन्ही ग्रेड परीक्षा झालेल्या, मॅट्रिकपर्यंत इंग्रजी झालेलं आणि लग्न जमत नव्हतं, म्हणून वडिलांनी मला चिंचवडला काकांकडे पाठवलं. काका रेल्वेच्या मालधक्क्यावर होते. ही नवे पैसे चलनात यायच्या आधीची गोष्ट. तेव्हा पिंपरी आणि चिंचवडच्या मध्ये बाजरीची शेतं, बाभळी आणि नुकती कुठे कुठे उभी राहणारी पत्र्यांची छपरं. त्यातलंच एक छप्पर आमचं होतं. सरकारी प्रशिक्षण कार्यशाळा तिथे व्हायची होती. युरोपातल्या एका थंड देशाने आपल्याला यंत्रं भेट दिली होती आणि ती उभी करायला तिकडचा एक इंजिनियरही पाठवला होता.

कागदोपत्री सगळं फार सुबक होतं. त्यांच्या सरकारने यंत्रं आणि माणूस द्यायचा. आपल्या सरकारने जागा, वीज आणि त्या माणसाची 'योग्य निवासव्यवस्था' करायची. आणि लागेल ते किरकोळ लोखंडकाम इथल्याच एखाद्या खासगी कारखानदाराकडून करून घ्यायचं, म्हणजे त्यालाही नवं तंत्र शिकायला मिळेल. हे तिसरं कलम दिल्लीत कुणाला तरी फार आवडलं होतं म्हणे. आमचे साहेब ते कलम भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवत.

साहेब म्हणजे कार्यशाळेचे सरकारी अभियंता. सदाशिव पेठेतले, अंगाने बारीक, आणि प्रत्येक गोष्टीला आधी "नियमात बसतं का ते बघू" म्हणणारे. माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्या टेबलावर गेलेला कागद परत निघायला जड जायचा.

तिसऱ्या कलमातला खासगी कारखानदार म्हणजे चिंचवडचे एक गृहस्थ. त्यांना सगळे नुसते 'मालक' म्हणत. घरची शेती होती, पण त्यांचं मन लोखंडात. गावाबाहेर त्यांनी एक ओतशाळा काढली होती. उसाचे चरक, रहाटाची चाकं, ऑईल इंजिनाचे मोडके भाग असं सगळं तिथे व्हायचं. चाकणपासूनचे शेतकरी बैलगाडीत मोडलेला चरक घालून त्यांच्याकडे यायचे. मालक शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. डोक्याला पटका, आणि कानावर सदा एक लाल पेन्सिल.

आणि मग आला पाहुणा.

स्टेशनवर साहेब हार घेऊन गेले होते. गाडीतून तो आधी वाकून उतरला आणि मग सरळ झाला. काका शपथेवर सांगायचे की तो सरळ होत होता तो होतच राहिला. सहा फूट सात इंच. साहेबांनी टाचा उंचावल्या, हात ताणले, तरी हार त्याच्या छातीपाशीच पोचला. शेवटी त्यानेच गुडघे वाकवून मान खाली घातली. वय असेल चाळिशीचं. केस गव्हाच्या काडासारखे. इंग्रजी त्याचंही मोडकंच होतं, त्यामुळे माझी भीती निम्म्याने कमी झाली.

पहिल्याच आठवड्यात त्याचं आणि मालकांचं बिनसलं.

झालं ते असं. यंत्रांखाली बसवायच्या लोखंडी पट्ट्या मालकांकडून करून घ्यायच्या होत्या. प्रत्येक पट्टीत ओळीने पाच भोकं. पाहुण्याच्या देशाची चित्रं सगळी मिलीमीटरमध्ये, आणि मालकांच्या ओतशाळेत माप चालायचं इंच आणि सूत. एका इंचाची आठ सुतं. मिलीमीटरचं सुतात रूपांतर करून कापडावर उतरवायचं काम माझ्याकडे आलं. ड्राफ्ट्समन त्या दिवसांत रजेवर होता आणि साहेब म्हणाले, "बाई, तुमचं गणित चांगलं आहे."

दोन भोकांमधलं अंतर होतं चारशे ऐंशी मिलीमीटर. मी हिशोब केला. अठरा इंच, सात सूत आणि वर अगदी किंचित काहीतरी. ते किंचित इतकं किंचित होतं की मी ते सोडून दिलं. आमच्या घरी शिवणकामातसुद्धा एवढं कुणी धरत नव्हतं.

पट्ट्या तयार होऊन आल्या, बैलगाडीतून, डांबर फासल्यासारख्या काळ्याभोर रंगवलेल्या. जमिनीत मिलीमीटरच्या मापाने पक्के केलेले बोल्ट आधीच वर आलेले होते. पहिलं भोक बसलं. दुसरं जरा रेटून बसलं. तिसरं बसेना. पाचव्या भोकापर्यंत ते चार वेळचं किंचित साठून पाऊण सूत झालं होतं.

पाहुणा उकिडवा बसला, तरी उभ्या माणसाच्या कमरेएवढा. त्याने पट्टी बघितली, बोल्ट बघितले आणि साहेबांना म्हणाला, "हा माणूस शेतीची अवजारं करतो. त्याने तीच करावीत."

साहेबांनी हे मालकांना सांगायला नको होतं. पण मालकांनी विचारलं आणि साहेबांना खोटं बोलणं नियमात बसेना.

कानावरची पेन्सिल काढून मालकांनी माझ्या चित्रावरचा आकडा पाहिला, आपल्या पट्टीवर माप लावलं आणि मला म्हणाले, "ताई, चित्रात हाय तेच केलंय न्हवं आमी?"

मी म्हणाले, "हो."

"मग बरं," म्हणाले आणि पट्ट्या पुन्हा गाडीत भरून निघून गेले.

त्यांनी तेच केलं होतं. चित्रच चुकलं होतं. हे त्या छपराखाली फक्त मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. नोकरीला जेमतेम चार महिने झालेले. बार्शीला परत जायचं आणि कुणीतरी बघायला आलं की पोह्यांची बशी घेऊन बाहेर यायचं, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि तोंड उघडेना. घरी काकूने विचारलं, "आज काही चुकलं का गं?" मी जेवले नाही.

आता पाहुण्याच्या झोपेकडे वळते, कारण पुढचं सगळं तिथून घडलं.

त्याची सोय कार्यशाळेच्या मागच्या विश्रामगृहात होती. तिथे सरकारी लोखंडी खाट होती. सरकारी खाट म्हणजे सहा फूट लांब आणि पायथ्याशी उभे गज. पहिल्या रात्री पाहुणा पाय गजांमधून बाहेर काढून झोपला. सकाळी उठला तर एक पाऊल परत आत येईना. विश्रामगृहाचा खानसामा धावत साबण घेऊन आला आणि त्याने ते सोडवलं. ही हकिकत तो पुढे कितीतरी दिवस, जो भेटेल त्याला, पावलाची लांबी हाताने दाखवून सांगायचा.

मग पाहुणा तिरका झोपून बघू लागला. मग गादी खाली टाकली, तर काळ्या मुंग्यांनी त्याच्या अंगावरूनच वाट काढली. मग दोन टेबलं जोडली, तर ती मध्येच एकमेकांपासून लांब सरकली. खानसाम्याने आपुलकीने सुंभाची बाज आणून दिली. त्या देहाखाली ती अशी झोळ खाऊन बसली की सकाळी त्याला बाहेर काढायला दोन माणसं लागली.

दोन आठवड्यांत त्याचे डोळे लाल झाले. यंत्र जमिनीला समांतर बसलंय की नाही हे तो काचेच्या नळीतल्या बुडबुड्यावरून बघायचा. सकाळी बरोबर म्हणायचा, दुपारी तेच चूक म्हणायचा. एकाच यंत्राखालच्या पाचरी तीन वेळा ठोकून झाल्या. कामगार कंटाळले. शेवटी त्याने लेखी कळवलं की करारात म्हटलेली 'योग्य निवासव्यवस्था' मिळालेली नाही आणि ती मिळेपर्यंत कुठल्याही यंत्राच्या तपासणीवर तो सही करणार नाही.

साहेबांनी मुंबईला पत्र पाठवलं. उत्तर आलं की विश्रामगृहातल्या सामानाच्या मंजूर यादीत खाट आहे, आणि ती पुरवलेली आहे. साहेबांनी पुन्हा लिहिलं की पाहुण्याची उंची जास्त आहे. उत्तर आलं की उंचीनुसार वेगळ्या खाटेची तरतूद नाही. साहेबांनी पुण्यात फर्निचरच्या दुकानांत चौकशी केली. साडेसहा फुटांच्या वर कुठेच काही नव्हतं.

"आपल्या देशाची अब्रू," साहेब मला म्हणाले, "एका खाटेवर येऊन टेकलीय, बाई."

मी म्हणाले, "सर, करवून घेतली तर?"

"कोणत्या कलमाखाली?"

मला एकच कलम तोंडपाठ होतं. त्यांनीच इतक्या वेळा वाचून दाखवलेलं. मी म्हणाले, "तिसऱ्या. यंत्रउभारणीसाठी लागणारं किरकोळ लोखंडकाम."

साहेबांनी पाहुण्याला बोलावलं आणि त्याला हवी तशी खाट कागदावर काढून द्यायला सांगितलं. तो तिथेच बसला आणि त्याने झोपेला आसुसलेल्या माणसाने काढावं तसं चित्र काढलं. समोरून, बाजूने, वरून. लांबी दोन हजार एकशे पन्नास मिलीमीटर. प्रत्येक सांध्याला माप, आणि त्या मापात किती कमीजास्त चालेल तेही लिहिलेलं. पायथ्याला गज नकोत, हे त्याने खाली दोन रेघा ओढून लिहिलं.

मी ते कापडावर गिरवलं. शेवटी नाव लिहायचा चौकोन आला. "खाट लिहू?" मी विचारलं.

साहेब दचकले. "खाट अजिबात नको. खाट म्हटलं की ती सामानाच्या यादीत जाईल." त्यांनी डोळे मिटले. "लिहा. आडवी चौकट. उभारणी-अभियंत्यासाठी. एक नग."

ती आडवी चौकट घेऊन मालकांकडे जायचं काम माझ्यावरच आलं, कारण साहेबांना तिथे जायला तोंड नव्हतं. मला होतं असंही नाही.

मालक भट्टीपाशी उभे होते. मी कापड उलगडलं. त्यांनी ते दुरूनच पाहिलं.

"कुणासाठी हाय?"

"पाहुण्यांसाठी. झोपायला."

"मग शेती-अवजारं करणाऱ्याकडं कशाला आलाव? त्येंच्या देशातनं मागवा की. बोटीनं यील."

"मालक," मी म्हणाले, "पट्ट्यांची भोकं माझ्यामुळे चुकली. तुमच्यामुळे नाही. आकडा उतरवताना वरचं थोडं मी सोडून दिलं. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही."

एवढं बोलून मला रडू आलं, ते मी पदराने थोपवलं. भट्टीचा भाता चालवणारे दोघे जण हात थांबवून बघायला लागले. मालकांनी त्यांना हातानेच काम चालू ठेवायला सांगितलं.

"म्या वळखलं हुतं," ते म्हणाले.

"कधी?"

"त्याच दिशी. आमची पट्टी चित्राबरहुकूम हुती. मग चुकलं आसंल ते चित्रच. चित्र तुमी काढल्यालं." त्यांनी कानावरची पेन्सिल काढून पुन्हा तिथेच ठेवली. "पर त्या वक्ताला तुमचं नाव घिऊन काय हुनार हुतं? नोकरी गेली आसती तुमची. माझी वतशाळा काय कुणी काढून घेत न्हाई."

त्यांनी कापड हातात घेऊन भट्टीच्या उजेडाकडे धरलं.

"हे किती म्हणायचं?"

"सात फूट, पाच सूत आणि वर चिमूटभर."

"चिमूटभर सोडू नगा ह्या वेळेला," ते म्हणाले. पण हसले.

ती चिमूट मोजायची कशी, हा प्रश्न होताच. मालकांच्या पट्टीवर मिलीमीटर नव्हते. मी दुसऱ्या दिवशी पाहुण्याकडे गेले आणि त्याची घडीची पोलादी मोजपट्टी मागितली. "कशाला?" त्याने विचारलं. मी म्हणाले, "चौकटीसाठी." त्याने खिशातून काढून दिली आणि तिथेच यंत्राला टेकून एक डुलकी घेतली.

मालकांनी ती पट्टी आधी बराच वेळ नुसती उघडून मिटून पाहिली. मग तिच्यावरच्या बारीक रेघा नखाने मोजल्या. "मुंगीच्या पावलागत हायती," म्हणाले. तीन दिवस ओतशाळेत चरकाचं काम बंद होतं. चाकणहून आलेले एक शेतकरी आपला मोडका चरक घेऊन ताटकळले आणि शेवटी तेसुद्धा खाटेच्या सांध्याला कानस मारायला बसले. मी रोज काम सुटलं की जायचे आणि चित्रातलं एकेक माप वाचून दाखवायचे. मालक मोजायचे, मान हलवायचे, पुन्हा कानस मागायचे. एका आडव्या दांडीला अर्धा मिलीमीटर जास्त होता. चित्राप्रमाणे तेवढा चालणार होता. मी तसं सांगितलं. मालक म्हणाले, "चालंल. पर म्या ठिवणार न्हाई."

खाट शनिवारी दुपारी विश्रामगृहात पोचली. पाहुणा आला. त्याने खिशातून काचेची नळी काढली आणि खाटेच्या चारी बाजूंवर ठेवून पाहिली. बुडबुडा मधोमध. त्याने मोजपट्टी मागितली, माझ्याकडून घेतली, लांबी मोजली, कर्ण मोजले, एक इकडून आणि एक तिकडून. पुन्हा मोजले. मग बूट काढले, आडवा झाला आणि आमच्यादेखत झोपला. साहेब, मी, मालक आणि खानसामा, आम्ही चौघे पायथ्याशी उभे. बाळ झोपल्यावर निघावं तसे आम्ही चवड्यांवर चालत बाहेर आलो.

तो रविवारी दुपारच्या जेवणाला उठला.

सोमवारी सकाळी तो माझ्या टेबलापाशी आला. "ही चौकट कुणी केली?"

"ज्यांनी पट्ट्या केल्या त्यांनीच," मी म्हणाले, आणि आता धीर आलाच आहे तर सगळंच सांगून टाकावं म्हणून पट्ट्यांच्या चुकीचंही सांगितलं. साहेब शेजारच्याच टेबलावर होते. त्यांनी फाईल तोंडापुढे धरली.

पाहुण्याने ऐकून घेतलं. मग त्याने एक कागद ओढला आणि मला दाखवलं की ओळीने भोकं असली की एकामागून एक अंतर मोजायचं नसतं. प्रत्येक भोक पहिल्याच भोकापासून मोजायचं, म्हणजे चूक साठत नाही. एवढंच. ओरडला नाही. पट्ट्यांचं चित्र मी त्याच पद्धतीने पुन्हा काढून दिलं. मी ते आयुष्यभर विसरले नाही आणि नंतर कितीतरी पोरांना शिकवलं.

दुपारी तो ओतशाळेत चालत गेला. मी बरोबर होते, भाषेपुरती. वाटेत बाजरीच्या शेतातल्या बायका उभ्या राहून त्याच्याकडे बघत होत्या. ओतशाळेचं दार बुटकं. तो वाकून आत गेला आणि आतही वाकूनच उभा राहिला, कारण वरचा पत्रा तेवढाच होता. माफी मागताना माणूस असा वाकलेला असला की फार शोभून दिसतं.

"मी म्हणालो ते चुकीचं होतं," तो म्हणाला. मी ते मराठीत सांगितलं.

मालक म्हणाले, "त्यांला म्हणावं, आदी बसा. मान आखडंल."

त्याला चरकाच्या उलट्या घातलेल्या दगडी पायावर बसवलं आणि गुळाचा चहा दिला. चहा संपल्यावर त्याने पोतडीतून कापडात गुंडाळलेला एक बिडाचा तुकडा काढला. सगळ्यात मोठ्या यंत्राला आधार देणारा तो कंस, म्हणजे ब्रॅकेट, होता आणि बोटीवरच्या आदळआपटीत मधोमध तडकला होता. नवा मागवायला सहा महिने लागले असते, आणि उद्घाटन तर दोन महिन्यांवर. हे त्याने आतापर्यंत साहेबांनाही सांगितलं नव्हतं. आपल्या देशाने दिलेली भेट मोडकी निघाली, हे त्याला कबूल करवत नव्हतं.

मालकांनी तुकडा हातात घेऊन टिचकी मारली, आवाज ऐकला. "करू," म्हणाले. "पर ह्यो खाटंगत न्हाई. दोनदा फसंल, तिसऱ्यांदा हुईल."

चारदा फसला. पाचव्यांदा झाला. त्या दिवसांत पाहुणा रोज तिथे जायचा. हळूहळू माझी गरजच कमी झाली. दोघे मोजपट्टी समोर ठेवून बोटांनी आणि लाल पेन्सिलीने बोलायचे. एकदा मी गेले तर पाहुणा मालकांना "न्हाई, न्हाई" म्हणत होता आणि मालक त्याला "यस, यस."

उद्घाटनाला दिल्लीहून एक बडे अधिकारी आले आणि पाहुण्याच्या देशाच्या वकिलातीतले एक गृहस्थ. मांडव, पताका, चिंचवडच्या शाळेतल्या मुलींचं स्वागतगीत. भाषणं झाली. दिल्लीचे अधिकारी तिसऱ्या कलमावर फार वेळ बोलले. सरकार, परदेशी मित्र आणि आपले खासगी कारखानदार एकत्र आले तर काय होऊ शकतं, वगैरे. मग ते म्हणाले, "अशा सहकार्यातून इथे काय तयार झालं ते आपण प्रत्यक्ष बघू." आणि त्यांनी यादी मागवली.

यादी माझ्या हातची होती. पाच भोकांच्या पट्ट्या, दुरुस्त. बिडाचा कंस, एक. आडवी चौकट, एक.

पट्ट्या बघून झाल्या. कंस बघून झाला, आणि वकिलातीतल्या गृहस्थांना मूळ कंस कुठला आणि नवा कुठला ते कळेना, तेव्हा मालकांनी पटका नीट केला. मग दिल्लीच्या अधिकाऱ्यांनी यादीवर बोट ठेवलं. "आणि ही आडवी चौकट कुठे आहे?"

साहेबांचा चेहरा ट्रेसिंगच्या कापडासारखा झाला. "सर, ती... सध्या वापरात आहे."

"उत्तम. वापरात असताना बघू."

कुणीच हलेना. शेवटी मालक म्हणाले, "ती निजायच्या खोलीत हाय, साहेब."

अधिकाऱ्यांना वाटलं आपल्याला मराठी नीट कळलं नाही. तोवर पाहुणा पुढे होऊन चालायलाही लागला होता, लांब टांगा टाकत. त्याच्यामागे वकिलातीतले गृहस्थ, त्यांच्यामागे अधिकारी, साहेब, मालक, मी आणि स्वागतगीतवाल्या मुली, अशी सगळी वरात विश्रामगृहात शिरली. खोलीत खाट होती. वर चादर, उशी आणि वाळत घातलेला एक पायमोजा. पाहुण्याने तो उचलून खिशात घातला.

"याचा यंत्रउभारणीशी काय संबंध?" अधिकाऱ्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात आता तिसरं कलम नव्हतं.

साहेब काही बोलणार तोच पाहुणा आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "ही चौकट येण्याआधी मी एकच यंत्र तीन वेळा चुकीचं बसवलं. आल्यानंतर सगळी यंत्रं एकेकदाच बसवली. आपण हे लिहून घ्यावं."

अधिकाऱ्यांनी वकिलातीतल्या गृहस्थांकडे पाहिलं. तेही बऱ्यापैकी उंच होते. ते गादीवर बसले, मग अंदाज घेत मागे रेलले, मग पाय लांब केले. पाय संपले तरी खाट उरली. छताकडे बघत ते आपल्या भाषेत काहीतरी बोलले आणि पाहुणा प्रथमच मोठ्याने हसला. मी त्याला अर्थ विचारला. "ते विचारतात," तो म्हणाला, "दिल्लीतल्या त्यांच्या घरासाठी अशी आणखी एक मिळेल का."

दिल्लीच्या अधिकाऱ्यांनी खिशातून पेन काढलं आणि यादीवर आडव्या चौकटीपुढे बरोबरची खूण केली. साहेबांनी त्या दिवशी जेवताना दोनदा वाढून घेतलं.

मालकांनी दिल्लीसाठी दुसरी चौकट केली. ती रेल्वेने गेली, आणि मालधक्क्यावर काकांनी स्वतः तिच्याभोवती पेंढा बांधला. पुढे मालकांकडे चरकांपेक्षा यंत्रांचे सुटे भागच जास्त येऊ लागले. पाहुण्याचा मुक्काम संपल्यावर तो जायला निघाला, तेव्हा त्याला निरोप द्यायला ओतशाळा बंद ठेवून सगळे स्टेशनवर आले होते. या वेळी हार मालकांनी आणला होता. पाहुण्याने आधीच मान खाली घातली.

पुढच्या महिन्यात एका रविवारी मालक आमच्या घरी आले. पटका काढून ओसरीवर बसले. काकूला वाटलं, माझ्यासाठी स्थळ घेऊन आलेत. तिने लगबगीने पोहे केले.

मालक काकांना म्हणाले, "ताईला आमच्याकडं कामाला पाठवा. आता रोज बारीक मापाची चित्रं येत्यात. वाचायला मानूस न्हाई."

काका म्हणाले, "सरकारी नोकरी सोडून ओतशाळेत? मुलीच्या जातीने?"

"म्हनूनच तुमच्याकडं आलोय. वतशाळंत न्हाई बसवायचं. येगळी खोली बांधतोय. खिडकी उत्तरंला, चित्राला उजेड बरा पडतो म्हनून." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमाला इचारायचं ऱ्हायलंच. यायचं का न्हाई?"

मी काकांकडे बघितलं. काका काकूकडे बघत होते. काकू पोह्यांची बशी हातात घेऊन उभी होती आणि स्थळ नाही हे कळल्यावरही तिने ती मालकांच्या पुढे ठेवली.

"टेबल केवढं असेल?" मी विचारलं.

"तुमी सांगाल तेवढं," मालक म्हणाले. "चित्र काढून द्या."

मी आत जाऊन कागद घेऊन आले.